मागच्या ब्रेकची तार

माय, तुला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. हा राग थोडा निवला असं परवापर्यंत मला वाटत होतं. परवा ओढ्यापलीकडच्या मळ्यातला तो आला. तोच, ज्याच्या जन्माच्या वेळी आपण दोघी बैलगाडीत बसून त्या घरी गेलो होतो. त्याचीही साठी झाली आता. धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, सोबत बायको होती, आणि तुरीच्या डाळीची पिशवी. मी चहा ठेवला. तो बायकोला सांगायला लागला, "ह्यांच्या आईनं मला जगात आणलं बरं का. लय मोठी बाई. त्या काळात सायकलवर फिरायची. पुढं ह्यांच्याकडून ब्रेकला तेल द्यायचं ऱ्हायलं, आन बिचारीचा हात गेला." आणि माझ्याकडं बघून हसला. मला माफ करून टाकल्यासारखा हसला, माय! त्यानं! त्या घरातल्या माणसानं! मी कपात चहा ओतला आणि साखर पुरेशी आहे का विचारलं.

म्हणून लिहायला बसले. आज सगळं लिहिते. तुला ऐकून घ्यावंच लागेल, मधेच हात वर करून "बस" म्हणता येणार नाही.

वडील तापानं गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. तू मला मामाकडं झरीला ठेवलंस आणि हैदराबादला जाऊन दाईपणाची तालीम घेऊन आलीस. परभणीच्या सरकारी दवाखान्यात तुझी नेमणूक झाली आणि तू मला परत आणलंस. पुढची दहा वर्षं तू गावभर पायी फिरलीस. एका घरी बाळंतीण मोकळी होईपर्यंत दुसऱ्या घरचं बोलावणं यायचं. एकदा तू पोचायच्या आधी एक बाई गेली. तू घरी येऊन चुलीपुढं बसलीस आणि म्हणालीस, "पाऊण तास आधी गेले असते तर जगली असती. मला सायकल पायजे." मला वाटलं तू दुःखात बोलायलीस. तू खरंच बोलत होतीस.

स्टेशनरोडवरच्या त्या दुकानातला दिवस मला अजून लख्ख आठवतो. दुसरं महायुद्ध चालू होतं, नवी सायकल मिळणं अवघड, दुकानात दोनच उभ्या होत्या. एक काळी, भक्कम, मर्दानी, आडव्या दांड्याची, सळईच्या ब्रेकची. दुसरी जुनी, बायकांची, दांडा खाली वाकवलेला, चाकावर पदर अडकू नये म्हणून जाळी, आणि ब्रेक तारेचे. कुठल्यातरी मडमेनं विकून टाकलेली म्हणे. तू दवाखान्याची बॅग सोबतच नेली होतीस. ती दोन्ही सायकलींच्या कॅरियरवर ठेवून बघितलीस, हलवून बघितलीस. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये दोन बोटं घातलीस. दुकानदार म्हणाला, "हे काय बघायल्या बाई?" तू म्हणालीस, "काळ्या रानात चिखल बसतो. दोन बोटं जागा नसंल तर चाक फिरणार न्हाई." मग लुगडं सावरून त्या बायकांच्या सायकलवर बसलीस आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघितलंस. दुकानापुढं सहा-सात रिकामटेकडे जमले होते, ते हसत होते. तू त्यांच्याकडं बघितलंही नाहीस. मी मात्र मान खाली घालून उभी होते. आज त्या मान खाली घालण्याचीही मला चीड येते.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. त्यानं मनापासून सांगितलं, "बाई, ही मर्दानी घ्या. दांडा म्हणाल तर मी लोहाराकडून वाकवून देतो. पण ब्रेक सळईचा असू द्या. सळई दगडासारखी. तारेला लय जपावं लागतं. एक एक धागा तुटत जातो, वरून कळत न्हाई, आन एक दिवस दगा देते."

तू म्हणालीस, "जपायला माझी लेक हाय."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तुझं ते वाक्य ऐकून मला केवढा अभिमान वाटला होता! पुढं त्याच वाक्यानं मला बांधून घातलं.

शिकवलंस मात्र नीट. कॅरियरला बॅग बांधून चालवणं तू आठ दिवसांत शिकलीस, मैदानात चार वेळा पडून. ब्रेकचं काम तू त्या दुकानदाराकडून समजून घेतलंस आणि मग मला शिकवलंस, जसं नाळ बांधायला शिकवायचीस तसं, एकदाच, पण पुन्हा विचारायची गरज पडू नये असं. दर रविवारी सकाळी सायकल अंगणात. नट ढिला करायचा, तार नळीतून अख्खी बाहेर ओढायची, घासलेटात भिजवलेल्या फडक्यानं पुसायची. फडकं काळंभोर व्हायचं, आपल्या रस्त्यांचा धुरळाच तसा. मग नळी उभी धरायची आणि कागदाच्या पुंगळीतून शिवणयंत्राचं तेल थेंब थेंब सोडायचं, खालच्या टोकातून तेल बाहेर येईपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तार अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सावकाश ओढायची. तू म्हणायचीस, "बोटाला टोचली की बदल. एक धागा तुटला तरी बदल. उद्या बघू म्हणायचं न्हाई." परभणीत तार मिळत नव्हती, म्हणून तू हैदराबादहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून दोन तारा मागवून ठेवल्या होत्यास, तेलकट कापडात गुंडाळून, ट्रंकेत, माझ्या उर्दूच्या पुस्तकाशेजारी. आणि घरातून निघताना, कुणाच्या घरून निघताना, दोन्ही ब्रेक दाबून बघितल्याशिवाय पायडलवर पाय ठेवायचा नाही, ही तुझी शिस्त. तुझी, माय. लक्षात ठेव.

सव्वा वर्ष ती सायकल चालली. ज्या घरातली माणसं तुला रस्त्यात बघून थुंकायची, त्याच घरात तुझी सायकल दारात उभी राहिली की सुना सुटकेचा श्वास टाकायच्या. तुझ्यामुळं किती बाया वाचल्या ते मी मोजलं नाही, पण दवाखान्यातली डॉक्टरीणबाई, ती हैदराबादची, कडक, कुणाचं कौतुक न करणारी, तीही म्हणायला लागली होती की पुढच्या तालमीसाठी तुझ्या लेकीची शिफारस मी करीन. मला हैदराबादला जायचं होतं. तुझ्यासारखं व्हायचं होतं. मी रोज उर्दू अक्षर घोटायचे, निजाम सरकारला द्यायची तालमीची दरख्वास्त, उर्दूतला अर्ज, स्वतःच्या हातानं लिहिता यावी म्हणून.

कापूस वेचायचे दिवस होते. तू मळ्यातल्या त्या घरी गेलीस. बाईचा सातवा महिना सरत आलेला, पहिलं लेकरू आडवं येऊन गेलेलं, पायावर सूज. आणि तुला ती दिसली डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येताना. तुझा तोल गेला. तिच्या नवऱ्याला तू वेचणाऱ्या बायांसमोर, गड्यांसमोर झाडलंस. "बैलाला तरी सावलीत बांधतूस, हिला न्हाई?" असं म्हणालीस. हे तूच मला सांगितलंस नंतर. मग आत गेलीस, तिला तपासलंस, आणि आत असताना तुला गोठ्याकडून ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. तुला वाटलं वखराची पास, ते लोखंडी पातं, ठोकायलेत. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली होती.

बाहेर आलीस ती रागातच. ब्रेक दाबून न बघता निघालीस. ओढ्याच्या उतारावर आल्यावर दोन्ही ब्रेक दाबलेस. मागच्या ब्रेकची दांडी सरळ मुठीला येऊन लागली, काहीच नव्हतं तिच्यात. पुढच्या ब्रेकची तार तेवढ्या ओढीला टिकली नाही, तुटली. तू खालच्या दगडांवर जाऊन पडलीस. डावं मनगट मोडलं, कपाळ फुटलं. वाटेनं जाणाऱ्या मेंढरवाल्या बाप-लेकांनी तुला घोंगडीत घालून दवाखान्यात आणलं आणि सायकल खांद्यावर टाकून तुझ्यामाझ्या अंगणात आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल खोलली. मागची तार ब्रेकजवळ, जिथं ती नळीतून बाहेर येते, तिथं दोन तुकडे झालेली. झिजलेल्या तारेचं टोक कसं असतं हे मला माहीत होतं, फुटलेल्या केरसुणीसारखं, प्रत्येक धागा वेगळा. हे टोक सपाट होतं. चमकत होतं. छिन्नीचा घाव. तारेमागच्या सायकलच्या दांड्यावरही छिन्नीची खूण उमटली होती. मी ते तुकडे फडक्यात घेऊन पळत दवाखान्यात तुझ्याकडं आले.

तू पलंगावर होतीस, हाताला कामट्या बांधलेल्या. मी म्हटलं, "माय, हे बघ. ही तुटली न्हाई. तोडली हाय."

तू तुकडा हातात घेतलास, बोटानं टोक चाचपलंस, आणि म्हणालीस, "ठेव ते खाली."

"मी चौकीवर जायलेय."

"कुठंबी जायचं न्हाई. त्या बाईला दोन महिने ऱ्हायलेत. मी त्याच्याकडं बोट दाखवलं, तर त्या घरात मला पाय ठेवू देतेल का? दुसरं कोण जाईल तिथं? बाई मरंल."

"मंग लोकांला काय सांगायचं? समदे म्हणायलेत मी तेल दिलं न्हाई!"

"म्हणू दे."

"आन मी, माय? माझं काय?"

तू माझ्याकडं बघितलंस. तुझा चेहरा सुजलेला होता, एक डोळा बंद होता. म्हणालीस, "तू जित्ती हायेस ना."

हे वाक्य मी साठ वर्षं सोबत घेऊन फिरते आहे. माणसानं नुसतं जिवंत असावं, एवढंच तुझ्या लेकीला पुरेसं होतं? बाहेरच्या बाईचा जीव आणि घरच्या पोरीचं नाव, हा हिशेब तुला इतका सोपा वाटला? तुला एक क्षण तरी थांबता आलं नाही? "बघू" म्हणता आलं नाही?

आणि लोक! भेटायला येणारा प्रत्येकजण तुझ्या पलंगाशेजारी बसायचा आणि माझ्याकडं बघून मान हलवायचा. शेजारणी म्हणाल्या, एवढी घोडी झाली, आईची एक सायकल सांभाळता येईना. मामा झरीहून आला आणि मला सगळ्यांसमोर म्हणाला, "पुस्तकं कमी वाच, हातानं काम कर." तू डोळे मिटून पडून होतीस. तू जागी होतीस, मला माहीत होतं.

मग डॉक्टरीणबाई आली. मी दरख्वास्त लिहून ठेवली होती, पाच वेळा लिहून पाचव्यांदा चांगली उतरली होती. मी ती पुढं केली. तिनं हातात घेतली नाही. ती ओरडलीही नाही. तुझ्या हाताच्या कामट्या तपासता तपासता म्हणाली, "एक तार नै संभलती, मरीज क्या संभालोगे?"

मी तुझ्याकडं बघितलं. आता तरी बोलशील. ही काही गावातली नव्हती, हिला सांगितलं असतं तर बाहेर गेलं नसतं. एक शब्द पुरला असता. तू भिंतीकडं बघत राहिलीस. तिनं कामट्यांची पट्टी घट्ट केली आणि ती गेली. माझं आयुष्य त्या खोलीत, दिवसाढवळ्या, तुझ्यासमोर दुसऱ्या वाटेला लागलं, आणि तू भिंत बघत होतीस.

दोन महिन्यांनी त्या घरून गाडी आली. सकाळी दहाच्या सुमाराला, तिचा नवराच गाडी घेऊन आलेला, खाली मान घालून. तुझं मनगट जुळलं होतं पण मूठ वळत नव्हती. तू मला म्हणालीस, "चल. हात तुझे लागतेल." मी म्हणाले, मी येणार नाही. तू बॅग उचललीस, एका हातानं, आणि गाडीत जाऊन बसलीस. मी आले. का आले ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित ती बाई आत ओरडत असेल हे मला ऐकू येत होतं, घरात बसूनच.

लेकरू याही वेळी आडवं होतं. तू तिच्या उशाशी बसलीस, तुझा उजवा हात तिच्या कपाळावर, आणि मला सांगत गेलीस. बाहेरून इथं दाब. थांब. कळ जाऊ दे. आता डोकं खाली ढकल, हळू. तुझा आवाज जराही हलत नव्हता. दीड-दोन तास गेले. लेकरू फिरलं. मग डोकं आलं, आणि ते काळंनिळं गाठोडं माझ्या हातात पडलं, आणि मी त्याच्या पाठीवर चापट मारली, आणि ते रडलं. माझ्या हातात, माय. परवा जो माणूस माझ्या घरात बसून "ह्यांच्या आईनं मला जगात आणलं" म्हणाला, त्याला या हातांनी आणलं. हे सुद्धा तू कुणाला सांगितलं नाहीस. तालीम न घेतलेल्या पोरीनं हात लावला हे दवाखान्याला कळलं तर तुझी नोकरी जाईल म्हणून. बरोबर होतं तुझं. नेहमीच बरोबर असायचं.

आपण बाहेर आलो तेव्हा तिचा नवरा ओसरीवर उभा होता. त्यानं तुझ्या हाताकडं बघितलं. ओठ हलले, "बाई... तुमचा हात..." एवढंच निघालं. रडकुंडीला आला होता. मी वाट बघत होते. वाटलं, आता तो बोलेल आणि मी सुटेन. आणि तू म्हणालीस, "सायकल जुनी व्हती." त्याच्या तोंडातला कबुलीजबाब तू काढून घेतलास! माणूस स्वतःहून वाकत होता आणि तू त्याला सरळ उभं केलंस. वर सांगितलंस, "तिला सव्वा महिना कामाला लावू नको." तो म्हणाला, "न्हाई बाई, न्हाई लावणार." आणि लावलं नाही म्हणे त्यानं, पुढंही कधी नाही. ती बाई ऐंशीपर्यंत जगली, सुना-नातवंडं बघून गेली. तुझा हिशेब बरोबर आला. माझा कुणी विचारला?

परतताना गाडीत मी म्हटलं, आता तर झालं ना, आता सांग. तू म्हणालीस, "आता ती त्याच घरात नांदायची हाय." मी त्यानंतर पुन्हा विचारलं नाही. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. चांगलं शिकवलं, मुली अजून भेटायला येतात. निजामाचं राज्य गेलं, डॉक्टरीणबाई हैदराबादला परत गेली, तू त्या हातानं सायकल पुन्हा कधी धरली नाहीस. मीच ती चालवत शाळेत जायचे आणि रस्त्यात कुणी ना कुणी म्हणायचं, "ब्रेक बघितले का बाई?"

एक गोष्ट अजून लिहायची आहे. इथपर्यंत आले तर तीही लिहिते.

मागच्या तारेत माझी कसूर नव्हती. ती तू पडलीस त्याआधीच्या रविवारी स्वच्छ होती, तेल घातलेली होती, हे मी देवासमोर सांगेन. पण पुढची तार त्याच्या आदल्या रविवारी माझ्या बोटाला टोचली होती. दोन धागे तुटले होते. नवी तार ट्रंकेत होती, उर्दूच्या पुस्तकाशेजारी. मी पुस्तक काढलं आणि तार तिथंच ठेवली, दरख्वास्तीचा मसुदा संपवून मग बदलू म्हणून. त्या रविवारी पुन्हा टोचली, तेव्हाही म्हटलं, उद्या. मागची तार कुणी तोडली तरी पुढची धड असती तर तू पडली नसतीस, किंवा निदान इतकी पडली नसतीस. त्या सकाळी मी तुझ्याकडं मागच्या तारेचे तुकडे आणले. पुढच्या तारेचे मी घरीच ठेवले. तू विचारलंस, "पुढची बदलली व्हतीस ना?" मी म्हटलं, "व्हय." तू म्हणालीस, "बरं." आणि तोंड भिंतीकडं फिरवलंस.

तुला माहीत होतं का, माय? डॉक्टरीणबाई आली तेव्हा तू कुणासाठी गप्प होतीस? त्या बाईसाठी, की डॉक्टरीणबाईनं पुढच्या तारेचं विचारलं असतं म्हणून माझ्यासाठी? मला कळत नाही आणि त्याचाही मला संताप येतो. तू एकदा बोलून टाकायला हवं होतंस. मला झाडायला हवं होतंस, जसं त्याला झाडलंस तसं. मी ते सहन केलं असतं. तुझं ते "बरं" मला सहन झालं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. आणि माझ्या गप्प बसण्याचा दोष मी जन्मभर तुझ्या माथी मारला, तू माझं तोंड बांधलंस म्हणून. पण परवा तो माझ्यासमोर बसला होता. त्याचे आई-बाप गेलेले, तू गेलेली, कुणाचा संसार मोडायचा राहिला नव्हता. मला सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, हा विचारेल, पुढचा ब्रेक कसा लागला नाही, आणि मी साखर विचारली.